नऊ गुंठ्यांचा एक ठिपका



यावेळी पिकाचं लिहीत नाही. हरभऱ्यावरच्या घाटेअळीचं मागच्या वेळी लिहिलंय, ज्यांना लागेल त्यांनी तिकडं बघावं. आज पुतण्याचं लिहितोय. त्यात आपल्या सगळ्यांच्या शिवाराचं पण आहे म्हणून इथं लिहितोय, नाहीतर घरचं घरात ठेवलं असतं.

पुतण्या कृषी अभियांत्रिकी शिकलाय. पुण्यात एका कंपनीत पाणलोटाचे आराखडे करायचं काम करतो. कुठल्या गावात सीसीटी कुठं, अनगड दगडी बांध कुठं, नाला बांध कुठं, झाड कुठलं, गवत कुठलं, खर्च किती, हे सगळं नकाशावर बसवायचं आणि अहवाल करून द्यायचा. त्याच्या शिक्षणासाठी धाकट्या भावानं बँकेचं कर्ज काढलं, वर एक गाभण म्हैस विकली. हप्ते अजून चालू आहेत. दिवाळीला त्याला सुट्टी मिळाली नाही, मागच्या आठवड्यात चार दिवस आला. आला तो तोंड पाडूनच. रात्री जेवणं झाल्यावर ओट्यावर बसलो तर म्हणाला, "नाना, आमच्या खोलीत नकाशे करायला अकरा जण होतो. आता चौघं उरलोत. जे काम आम्ही तीन आठवडे करायचो ते आता कॉम्प्युटर अर्ध्या दिवसात करतोय. एमपीएससीचा फॉर्म भरू का?"

भाऊ तिथंच सुपारी कातरत बसला होता. त्याचा अडकित्ता थांबला. बोलला काही नाही.

मी म्हणलं, आधी मला दाखव तरी, हा कॉम्प्युटर करतो काय.

दाखवण्याआधी माझं सांगतो, कारण या धंद्यात मी त्याच्या आधीचा आहे. १९८७ ला दहावी झालो, पुढं शिकायची ऐपत नव्हती. १९९४ ला आमच्या गावात पाणलोटाचं काम आलं. साहेब तिपाईवर दुर्बीण लावून उभे राहायचे, डंपी लेव्हल म्हणायचे तिला. समोर गज धरून उभं राहायला एक माणूस लागायचा, तो मी. "डावीकडं घे. मागं. अजून मागं. थांब." दिवसभर एवढंच. उंची वहीत लिहायची, फक्कीची रेघ मारायची. पुढं लाकडाचं ए फ्रेम आलं, मग पाण्याची नळी लावलेला हायड्रोमार्कर, ते मी स्वतः वापरायला शिकलो. सगळ्या शिवाराचा नकाशा व्हायला पावसाळा सोडून चार महिने गेले. त्या चार महिन्यांची मजुरी घरात आली, त्यातनंच पहिली शेळी घेतली. आता गज धरायला कोण माणूस बोलावतं? ते काम गेलं. चर खोदायला मस्टरवर पन्नास-साठ बाया-माणसं असायची. जेसीबी आला आणि एक ड्रायव्हर, एक हेल्पर उरले. यंत्रानं या कामातली माणसं खायला तीस वर्षांपूर्वीच सुरुवात केली होती. फरक एवढाच की तेव्हा गेली ती आमच्यासारखी दहावी पास-नापास माणसं होती, त्यामुळं त्याची कुठं चर्चा झाली नाही. आता पदवीवाल्यांची पाळी आली. हे मी पुतण्याला टोमणा म्हणून नाही सांगितलं, पण त्याला लागलं असणार.

तर त्यानं लॅपटॉप उघडला. आमच्या गावाची हद्द टाकली. तासाभरात ओढे, वगळी, चढ-उतार, जमिनीचे रंग, सगळं पडद्यावर. कुठल्या उतारावर किती अंतरानं चर, त्याची लांबी, घनमीटर, रुपये. वर दोनशे पानांचा अहवाल पण लिहून देतो म्हणे. चार महिने गज धरलेला माणूस मी. खोटं कशाला बोलू, बघून छातीत धस्स झालं.

मग मी विचारलं, याला उंची कळते कुठून? तर उपग्रहाची जी माहिती फुकट मिळते तिच्यातला एक ठिपका ३० मीटर बाय ३० मीटरचा. म्हणजे ९०० चौरस मीटर. आपला गुंठा १०१ चौरस मीटरचा. म्हणजे नऊ गुंठ्यांना मिळून एकच उंची! आमच्या वस्तीवरच्या जमिनी बघितल्या तर नऊ गुंठ्यांत दोन ताली, एक बांध, एक पाट आणि एक भांडण असतंय. पुतण्या हसला. म्हणाला, ड्रोन उडवला तर वीतभरावरचं सुद्धा दिसतं, आणि आता ड्रोन स्वस्त झालेत. बरोबर आहे त्याचं. त्यामुळं ठिपक्याचा मुद्दा फार ताणत नाही. पाच वर्षांनी तो राहणार पण नाही.

पण दुसरी गोष्ट राहणार. पडद्यावर त्यानं खालच्या मळ्याजवळ ओढ्यात सिमेंट बांधाची जागा दाखवली. चारीकडचं पाणी तिथं येतंय, काठ उंच आहेत, साठा मोठा. मी म्हणलं, बाबा, तिथं बांध होऊन गेलाय. १९९६ ला झाला, आता गाळानं भरलाय म्हणून तुझ्या उपग्रहाला दिसत नसेल. त्या बांधात संक्रांतीपर्यंत पाणी दिसायचं. फोटोला झकास. पाहुणे आले की तिथं न्यायचे. पण खालच्या एकाही विहिरीला त्याचा थेंब लागला नाही, कारण ओढ्याचा तळ सगळा काळा पाषाण. पाणी बसायचं आणि उन्हानं उडून जायचं. त्याच्या वर तीनेकशे मीटरवर दुसरा, छोटा बांध होता. त्यात पाऊस उघडला की आठ-दहा दिवसांत पाणी गायब. लोकं म्हणायची कंत्राटदारानं सिमेंट खाल्लं, बांध गळका आहे. ग्रामसभेत दोन वेळा बोंबाबोंब झाली. तिथला तळ मांजऱ्याचा होता. बारीक छिद्राछिद्रांचा खडक, पाणी ओढून घेणारा. ते पाणी खालच्या वस्तीच्या तीन विहिरींत निघायचं आणि त्या विहिरी पाडव्यापर्यंत टिकायच्या. ज्या बांधाला आम्ही शिव्या देत होतो तोच काम करत होता. हे कळायला आम्हाला तीन उन्हाळे लागले.

आपल्याकडचा डोंगर लाव्हाच्या थरांचा. कठीण पाषाणाचा थर, मग मांजऱ्या, कुठं मधी लाल गेरूचा पट्टा, कुठं जमिनीत उभी काळ्या दगडाची भिंत, भूगर्भवाले तिला डाईक म्हणतात. ती भिंत आडवी असली तर तिच्या अलीकडच्या विहिरीला पाणी आणि पलीकडची कोरडी. वरनं पाणी कुठं जमतंय हे नकाशा सांगतो. ते जमिनीत कुठं शिरतंय आणि कुणाच्या विहिरीत निघतंय हे विहिरीच्या काठावर पालथं पडून आत बघितल्यावर कळतं. पुतण्या म्हणाला, भूजल यंत्रणेची माहिती आहे, ती पण घालतील कॉम्प्युटरमधी. घालतील की. पण निरीक्षणाच्या विहिरी मोजक्याच असतात. बाकीच्या विहिरींचे थर कुणी लिहून ठेवलेत? विहीर खोदणाऱ्या जुन्या माणसांच्या डोक्यात आहेत, आणि त्यातली निम्मी माणसं आता राहिली नाहीत.

आता माझी पण चूक सांगतो, नाहीतर म्हणाल नाना नुसता जुन्याचं कौतुक करतोय. डोंगराच्या माथ्यावरचे आमचे १९९५ चे चर, ते एकदम लेव्हलमधी आहेत असं मी दहा वर्षं छाती ठोकून सांगत होतो. खाली जी घळ पडलीय ती वरच्या गुरांच्या वाटेमुळं पडली असं माझं म्हणणं. गेल्या उन्हाळ्यात पुतण्याच्या मित्रानं हौसेनं ड्रोन उडवला होता, त्याचं चित्र आत्ता पुतण्यानं दाखवलं. तिसऱ्या ओळीचा चर पूर्वेच्या टोकाला दीड फूट खाली उतरलाय. सगळ्या चराचं पाणी त्या टोकाला पळतं, तिथं भराव फुटला, आणि घळ बरोबर तिथनंच सुरू होते. त्या ओळीवर गज माझ्या हातात होता. दुपारची वेळ, साहेबांना गावाला जायचं होतं, शेवटचे पाच-सहा बिंदू आम्ही नजरेनं मारले. आठवलं मला. यंत्रानं नजरेनं मारलं नसतं.

म्हणून यंत्र नको असं मी म्हणणार नाही. रेघा त्यालाच मारू द्याव्यात.

पण एका ठिकाणी यंत्राचं मला भ्या वाटतं, आणि ते ठिकाण आहे माळरान. नकाशावर आमचा वरचा माळ पिवळ्या रंगात आला. पुतण्याला विचारलं पिवळा म्हणजे काय, तर पडीक. पडीक म्हणलं की पुढची सूचना आपोआप, खड्डे घ्या आणि झाडं लावा. हेक्टरी इतकी. आता तो माळ पडीक नाही. तिथं पवना आहे, मारवेल आहे, डोंगरी गवत आहे, जिथं जास्त चरलंय तिथं कुसळी. पावसाळ्यात चार वाड्यांची मेंढरं त्यावर जगतात. दिवाळीनंतर कापलेलं गवत उन्हाळ्यात बैलाला होतं. चिंकारा दिसतो, ससे आहेत, लांडगा मेंढरामागं येतो. मुरूम वीतभर, खाली पाषाण. तिथं झाड लावलं तर दोन उन्हाळ्यांत काठी उरते. आणि जगलं तर गवत मारतं. पूर्वी एकदा तिथं ग्लिरिसिडिया आणि सुबाभूळ लावून झालेली आहे. खड्ड्यांनी गवताची मुळी तुटली, झाडं वाळली, दोन वर्षं मेंढरं दुसऱ्याच्या शिवारात गेली आणि त्यावरनं मारामारी झाली. नकाशातल्या एका रंगाच्या नावामुळं. माणूस चुकला तर एका गावात चुकतो. यंत्रात पडीक म्हणजे झाडं असं एकदा बसलं की ते एकाच दिवसात हजार गावांत चुकतं, आणि प्रत्येक अहवाल दिसायला सुबक.

मग रात्री उशिरापर्यंत मी त्याला नेट प्लॅनिंगचं सांगत बसलो. त्यानं शब्द ऐकला होता, बघितलं नव्हतं. इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात ही पद्धत होती. गटागटावर जायचं, त्या गटाचा मालक आणि मालकीण दोघं हजर पाहिजेत, आणि त्यांच्या समोर ठरवायचं की या तुकड्यात काय करायचं. ताल कुठं, झाडं कुठली, तुम्हाला काय पटतं. मग कागदावर सही किंवा अंगठा. शेजारच्या गावात हे काम चालायचं तेव्हा मी बघायला गेलेलो. एका गटात चराची रेघ आखली, मालकानं मान डोलावली. त्याची बायको मागं उभी होती, ती म्हणाली, इथं चर काढला तर शेळ्या उतरायची वाट बंद हुती, मग मी त्या नेऊ कुठनं? नवऱ्याला ते सुचलंच नव्हतं, कारण शेळ्या त्याच्या नव्हत्या. चर मधी तोडला, दहा फुटांची वाट सोडली, दोन्हीकडं दगड लावले. तो चर अजून शाबूत आहे. वाट सोडली नसती तर शेळ्यांनी पहिल्याच पावसात तो बुजवला असता. असे गटामागं एक-दोन तरी विषय निघतात. सातबारा मेलेल्या आज्याच्या नावावर आणि तिघा भावांचं एकमेकांशी बोलणं नाही. बांधावरचा आंबा कुणाचा. वरच्यानं पाणी अडवलं तर खालचा म्हणतो माझं तोडलं. हे मिटल्याशिवाय रेघ कितीही बरोबर असू दे, चर टिकत नाही.

पुतण्या सगळं ऐकून घेतो आणि शेवटी एकच विचारतो. तसंच झालं. म्हणाला, "नाना, तुमचं सगळं खरं आहे. पण या कामाला पगार कोण देतं?"

आणि त्यानं हिशेब मांडला. २००८ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना त्याच्याकडं होत्या. हेक्टरी खर्चाची मर्यादा १२ हजार धरली तर ५०० हेक्टरच्या पाणलोटाला ६० लाख. त्यातला सविस्तर प्रकल्प अहवालाला १ टक्का. म्हणजे ६० हजार. त्यात मोजणी, नकाशे, घरोघरची माहिती, बैठका, छपाई, गाडीचं डिझेल. गावात २२० खातेदार धरले तर एका खातेदारामागं २७२ रुपये. एवढ्यात नवरा-बायकोला घेऊन गटावर कोण फिरणार? पुढं दर वाढले, योजना बदलल्या, पण कागद करायला पैसे आणि चालायला नाहीत ही रीत तशीच आहे असं तो म्हणतो. काम मागणारा विचारतो अहवाल कधी देता. किती गटांवर गेलात हे विचारत नाही. त्यामुळं आधीही निम्मे अहवाल बसूनच व्हायचे. एका अहवालात पान सत्तरला दुसऱ्याच तालुक्यातल्या गावाचं नाव राहून गेलेलं मी स्वतः वाचलंय. ती नक्कल माणसानंच केली होती. बसून करायचंच असेल तर यंत्र माणसापेक्षा लवकर आणि स्वस्तात करणार, मग माणूस कशाला ठेवतील?

मला उत्तर आलं नाही. थोडा वेळ कुत्रं भुंकत होतं तेच ऐकत बसलो.

मग मला जे वाटलं ते बोललो. काम कमी होणार नाही. २०१९ ला आपल्या देशानं २०३० पर्यंत २ कोटी ६० लाख हेक्टर खराब झालेली जमीन सुधारायचा शब्द जगाला दिलाय. कंपन्यांचा सीएसआरचा पैसा आहे, कार्बनवाले गावोगाव फिरायला लागलेत. पैसा येईल, नकाशे निघतील, आणि ते यंत्रच काढणार. नुसतं सॉफ्टवेअर येतं म्हणून ज्यानं नोकरी धरली त्याला धोका आहे, हे मी त्याला तोंडावर सांगितलं. पण ज्याला सॉफ्टवेअर येतं आणि खडक ओळखता येतो, गवत ओळखता येतं, बैठकीत दोन भाऊ भांडायला लागले तर दोघांना चहा पाजून परत बसवता येतं, तशी माणसं मला अख्ख्या तालुक्यात दोन-तीन दिसतात. ती कुणी कमी केली नाहीत. पगार त्यांना पण फार नाही, हे पण खरं. पुतण्याला या तिन्हीतलं एकही अजून येत नाही. पुण्यातल्या खोलीत बसून ते येणार पण नाही.

अजून एक काम आहे जे कुणीच करत नाही. बांध झाल्यावर पाच वर्षांनी परत येऊन बघायचं. हिवरे बाजारला दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावर कुणी काय पेरायचं ते ठरतं. पोपटराव पवार १९८९ ला सरपंच झाले, पाणलोटाची कामं पुढं कैक गावांत झाली, पण ताळेबंद किती गावांत चालू राहिला? बांधाला पैसा मिळतो, मोजायला मिळत नाही. मोजणारा माणूस प्रत्येक पाच-दहा गावांमागं एक ठेवला तरी अशा शिकलेल्या पोरांना आयुष्यभराचं काम आहे. पण ठेवणार कोण, हा परत त्याचाच प्रश्न. कृषी विभागातली, विद्यापीठातली मंडळी हे पान वाचतात म्हणून मुद्दाम लिहितोय. अंदाजपत्रकात शिवारात फिरण्याचा आणि नंतर मोजण्याचा वेगळा रकाना टाकता येतो का ते बघा. नकाशाचा खर्च यंत्रामुळं वाचणार आहे, तो वाचलेला पैसा तिकडं वळवा की. नाहीतर वाचलेला पैसा कुठं जातो ते आपल्याला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुतण्याला घेऊन ओढ्यानं वर गेलो. बूट घालून आला होता, परत येताना हातात होते. गळक्या बांधाजवळ त्याला मांजऱ्यावर बसवलं आणि बाटलीतलं पाणी ओतायला लावलं. दगडानं पाणी पिताना त्यानं पहिल्यांदा बघितलं. सहा वर्षं पाणलोटाचं काम करतोय पोरगं! वरच्या माळावर मेंढक्यांनी त्याला तीन गवतं ओळखायला शिकवली, त्यातली दोन तो खाली येईपर्यंत विसरला. त्याला शेळ्यांच्या वाटा विचारायला लावल्या. संध्याकाळी त्यानं लॅपटॉपवर चराच्या तीन रेघा हातानं तोडल्या. मशीननं लाल खूण दाखवली, चूक आहे म्हणून. त्यानं ती तशीच ठेवली.

भावानं मला बाजूला घेऊन विचारलं, काय म्हणतो, नोकरी राहील का? मी म्हणलं, दोन वर्षं धरून चाल, आणि हप्त्याचं अडलं तर तुरीचे पैसे आल्यावर बघू. खोटा धीर द्यायचा नव्हता. सोमवारी पोरगं पुण्याला गेलं. एमपीएससीचा फॉर्म भरला का ते मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.

काल रात्री त्याचा फोन आला. म्हणाला, नाना, खालच्या वस्तीच्या तिन्ही विहिरींना आत्ता किती पाणी आहे ते मोजून सांगता का, आणि जुन्या सिमेंट बांधाखालच्या दोन विहिरींचं पण पाहिजे. दर महिन्याला एकाच तारखेला. मी म्हणलं सांगतो. दोरीला फुटाफुटावर गाठी मारून ठेवल्यात, खाली दगड बांधलाय. हे लिहून झालं की निघतो, ऊन चढायच्या आत पाची विहिरी उरकायच्यात.